सेकंड हँड ऑक्टाव्हिया आरएस घेण्याआधी: आई-बाबांना पत्र

पुणे

तीर्थरूप आई आणि बाबा यांना सादर प्रणाम.

बाबांनी फोनवर घेतलेली हरकत अशी होती की, जी गाडी मुळात जोरात पळवण्यासाठीच घेतली जाते ती पहिल्या मालकाने जपली असण्याचा संभव कमी, आणि तेवढ्याच पैशांत कोरी गाडी मिळत असताना दुसऱ्याने झिजवलेली घेण्यात शहाणपण नाही. हरकत रास्त आहे. तिचे उत्तर फोनवर देण्यासारखे नव्हते, म्हणून लिहिते आहे.

मी पाहते आहे ती स्कोडाची ऑक्टाव्हिया आरएस २३०. ही २०१७ मध्ये आपल्याकडे मोजक्याच संख्येने आली आणि तेव्हा तिची शोरूम किंमत पंचवीस लाखांच्या आसपास होती. दोन लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन, २३० अश्वशक्ती, ३५० न्यूटन-मीटर टॉर्क आणि दोन क्लचचा सहा गतींचा स्वयंचलित गिअरबॉक्स, असा तिचा ऐवज आहे. आईच्या माहितीसाठी सांगते, मागे ऐसपैस बसता येते आणि डिकी ५९० लिटरची आहे. आज माझ्या पैशांत नवी गाडी म्हणजे बहुधा उंच एसयूव्हीच मिळेल, आणि वळणावर झुलणारी गाडी मला चालवायचीच नाही.

अशा गाडीच्या बाबतीत किती किलोमीटर झाले यापेक्षा ते कोणी आणि कसे केले हे महत्त्वाचे, असे माझे मत झाले आहे. एक लाख किलोमीटर धावलेली पण वेळेवर तेल बदललेली गाडी मी घेईन. तीस हजार किलोमीटरच धावलेली, चार वर्षे तळघरात उभी राहिलेली आणि सर्व्हिसची बिले नसलेली घेणार नाही. या गिअरबॉक्सचे तेल आणि फिल्टर दर ६०,००० किलोमीटरला बदलावे लागतात. ते काम खर्चाचे असल्यामुळे पुष्कळ मालक पुढे ढकलतात, म्हणून ते बिल मी सर्वांत आधी मागते. ते दाखवताना विक्रेता अडखळला, तर पुढचे बोलणे निम्म्याने कमी होते.

सर्वांत मोठी धास्ती रीमॅपची आहे. बाबा, तुमच्या डिझेल गाड्यांत पंपाचा स्क्रू फिरवून जे केले जाई, तेच इथे संगणकातील सॉफ्टवेअर बदलून केले जाते. त्यामुळे ताकद एकदम वाढते, पण ३५० न्यूटन-मीटरच्या हिशेबाने बसवलेल्या क्लचवर जादा भार पडतो. विकण्याआधी मूळ सॉफ्टवेअर परत टाकले की वरवर काही कळत नाही. मात्र अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या नोंदीत बदलाची खूण राहिलेली असू शकते, आणि बदललेला सायलेन्सर किंवा एअर फिल्टर बरेच काही सांगून जातो. धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकलेला असेल, तर विषय तिथेच संपतो.

इंजिन थंड असतानाच सुरू करून पाहायचे, हे तुमचेच शिकवणे. मी पोहोचण्याआधी बॉनेट गरम असेल तर त्या दिवशी गाडी पाहायचीच नाही, असे ठरवले आहे. निळा धूर आला तर इंजिन तेल जाळते आहे. पांढरा धूर तापल्यावरही थांबत नसेल तर कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे द्रव, आत शिरत असल्याचा संशय घ्यायचा. या इंजिनाचे एक ठरावीक दुखणे म्हणजे वॉटर पंप आणि थर्मोस्टॅटचे प्लॅस्टिकचे आवरण: तिथून कूलंट झिरपते आणि गुलाबी डाग सुकून बसतात. तो भाग बदललेला असेल तर मी उलट खूशच होईन. नंतर रहदारीत पायी चालण्याच्या वेगाने सरकवून पाहायचे, कारण क्लच झिजला असेल तर धक्के तिथेच जाणवतात.

पत्र्याचे सांगते. कारखान्यातल्या रंगाची जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन असते. मीटरने कुठे ४०० दाखवले तर खाली पुट्टी आहे असे समजायचे. टायरवरचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात, म्हणजे २३१९ हा २०१९ सालचा तेविसावा आठवडा. चारही टायर वेगवेगळ्या कंपन्यांचे दिसले, तर इतक्या वेगवान गाडीत मालकाने कुठे हात आखडला हे कळते. आणि पूर! २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी घराघरांत शिरल्यावर आपल्या गल्लीतल्या गाड्यांचे काय झाले ते आपण पाहिले आहे. धुऊन-पुसून त्यांतल्या किती पुढे कुठे विकल्या गेल्या असतील, देव जाणे. म्हणून सीटबेल्ट पूर्ण ओढून त्यावर गाळाची रेघ आहे का, सीटखालचे रूळ गंजले आहेत का आणि स्टेपनीच्या खळग्यात माती आहे का, हे मी प्रत्येक गाडीत पाहते.

कागदांची काळजी नको. कर्नाटकातील गाड्या स्वस्त वाटतात, पण एनओसी, पुन्हा नोंदणी आणि इथला कर धरला की ती स्वस्ताई उरत नाही, म्हणून मी महाराष्ट्राचीच गाडी पाहते आहे. आरसीवर कर्जाचा बोजा असेल तर बँकेचे पत्र आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ आधी, पैसे नंतर. विमा पॉलिसीवर नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, ५० टक्के असेल तर बहुधा निदान पाच वर्षांत दावा झालेला नाही. शून्य असेल तर विचारायचे. अर्थात बोनस राखून ठेवणारे जोड-संरक्षणही मिळते, तेव्हा एवढ्यावर विसंबता येत नाही. तो बोनस विक्रेत्याचाच राहतो, त्यामुळे फरकाची रक्कम मी हिशेबात धरली आहे. विमा नावावर करण्याचा अर्ज चौदा दिवसांत द्यायचा असतो, तोही देईन.

आतापर्यंत पाहिलेल्यांतली एक गाडी बरी वाटते आहे. एकच मालक, बिले पूर्ण. समोरचा डावा मडगार्ड रंगवलेला आहे आणि मालकाने ते मी विचारण्याआधीच सांगितले. टोकन दिलेले नाही. येत्या रविवारी सकाळी ती लिफ्टवर चढवून, स्कॅनर लावून पाहायची आहे. टर्बोची शिट्टी कुठे संपते आणि बेअरिंगचा आवाज कुठे सुरू होतो, हे एसटीच्या कार्यशाळेत उभी हयात काढलेल्या माणसाला माझ्यापेक्षा चांगले कळेल. बाबांना यायचे असेल तर शनिवारचे कोयना एक्सप्रेसचे तिकीट काढते. आईचा गुडघा बरा असेल तर दोघांचे काढते. उद्या संध्याकाळपर्यंत कळवा.

आपली,
मुलगी