कर्नाळ्याला ‘सोपा’ म्हणताना

संपादक महोदय,

पावसाळा सरला की सुट्टीच्या पुरवण्यांत कर्नाळा किल्ल्याचं नाव हमखास येतं आणि पुढे ‘सोपा, कुटुंबासह करण्याजोगा ट्रेक’ असा शेरा असतो. वाट मळलेली आहे, अभयारण्यातून जाते, वरून प्रबळगड आणि माणिकगड दिसतात, सगळं खरं. पण उंचीचा आकडा फसवा आहे. किल्ला जेमतेम साडेचारशे मीटर. मात्र पायथ्याचा महामार्गच समुद्रसपाटीपासून फारसा वर नसल्याने ती उंची जवळपास सगळी चढूनच गाठावी लागते. त्यात कोकणातली दमट हवा आणि वारा अडवणारं रान. घाम येतो पण वाळत नाही, त्यामुळे अंग निवत नाही. मे महिन्यात दहानंतर चढायला लागलेल्यांना निम्म्या वाटेत भोवळ येते ती यामुळे.

म्हणून फाटक उघडताच निघावं. माणशी दोन लिटर पाणी, उन्हाळ्यात तीन. त्यातल्या एका लिटरात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घातलं तर पायात गोळे येण्याचं प्रमाण कमी होतं. वर सुळक्याच्या पायथ्याला टाकी आहेत, पण त्यांच्या भरवशावर जाऊ नये. चढताना गप्पा मारता येतील इतकाच वेग ठेवावा. वळणं तोडून सरळ चढण्याचा मोह आवरावा. पावसाचं पाणी त्याच सरळ रेघेतून धावतं, माती वाहून जाते, मुळं उघडी पडतात आणि वाटेचा ओहोळ होतो.

माणसं घसरतात ती बहुतेक उतरताना. पावसात शेवाळलेला कातळ असतो, हिवाळ्यात वाळलेला पाला आणि त्याखाली सुटे खडे. मागे रेललं की पाय पुढे सटकतो. गुडघे किंचित वाकवून, अख्खं पाऊल टेकवत, जरा तिरपं उतरावं. बुटाची नाडी घोट्याशी घट्ट हवी, नाहीतर बोटं पुढे आपटून नखं काळी पडतात. तळ गुळगुळीत झालेले बूट घरीच बरे.

या सगळ्यापेक्षा मोठा धोका सुळक्यावरच्या आग्यामोहोळांचा, आणि त्याबद्दल छापून येतं सर्वांत कमी. धूर, उग्र अत्तर, आरडाओरडा, भिरकावलेला दगड, डोक्यावर घोंघावणारा ड्रोन, एवढं पुरतं. एक माशी डसली की तिच्या नांगीतून पिकल्या केळ्यासारखा वास सुटतो आणि बाकीच्यांना इशारा मिळतो. त्यामुळे डसलेल्या जागी थांबून हात झाडत बसणं सर्वांत वाईट. तोंड-मान ओढणीने किंवा शर्टाने झाकून लांब जावं, मात्र कड्याच्या बाजूला धावू नये. टाक्यात उडी मारू नये, माश्या वर घिरट्या घालत राहतात. दूर गेल्यावर नांग्या लगेच काढाव्यात. विषाची पिशवी मागे राहून काही वेळ विष सोडत असते, तेव्हा काढायची रीत कुठली यापेक्षा उशीर न होणं महत्त्वाचं. श्वास लागला, ओठ किंवा चेहरा सुजला किंवा डंख बरेच असले, तर तडक १०८.

पुढच्या वेळी कर्नाळा छापाल तेव्हा ‘सोपा’ऐवजी ‘खडा चढ, पाणी सोबत न्या, सुळक्यावर आग्यामोहोळ, आवाज नको’ एवढी ओळ द्यावी. फोटो थोडा लहान झाला तरी चालेल.

– एक वाचक, पनवेल