ड्रायव्हरच सांगा

प्रिय आई-बाबा,
सा. न.

आधी मुद्द्याचं सांगते, नाहीतर आई शेवटचं पान आधी वाचेल. बिनपगारी रजेचं वर्ष संपत आलं, परत येणार का असं बँकेने विचारलं, आणि मी राजीनामा दिला. तो मंजूरही झाला. आता लंडनमध्ये शोफरचं काम हेच माझं काम. शोफर म्हणजे ड्रायव्हरच. सुमाआत्याला बाबांनी ‘ट्रान्सपोर्ट कंपनीत मॅनेजर आहे’ असं सांगितल्याचं दादाकडून कळलं. राग नाही आला, हसू आलं. पण तसं नका सांगू बाबा. पुढच्या खेपेला ती हाताखाली किती माणसं आहेत ते विचारेल, मग तुमचीच पंचाईत.

आई, तुझ्या काळजीचं बोलते. माझं लायसन्स ‘ट्रान्सपोर्ट फॉर लंडन’चं आहे, तीन वर्षांचं. त्यासाठी डॉक्टरी तपासणी झाली, पोलीस रेकॉर्ड तपासलं गेलं, नकाशाची परीक्षा झाली. रस्त्यात कुणी हात केला तर मी थांबूच शकत नाही, तो हक्क काळ्या टॅक्सीवाल्यांचा. माझ्याकडे येणारा प्रत्येक माणूस आधी बुकिंग करून येतो, त्याची नोंद ऑफिसात असते. बरेचदा तर बायकाच असतात, ‘बाई ड्रायव्हर हवी’ म्हणून मुद्दाम मागून घेतलेल्या. तू विचारलं नाहीस, पण मनात असणार म्हणून सांगते: बाथरूमची सोय आहे. कुठल्या हॉटेलचा दरवान ओळखीचा, कुठल्या पार्किंगमधलं स्वच्छ, हे पहिल्या आठवड्यातच पाठ झालं. गाडीची सीट बँकेतल्या खुर्चीपेक्षा शंभरपट बरी. पाठ दुखायची थांबली, शप्पथ.

पैसे थोडे कमी मिळतात, ते लपवत नाही. पण राहते तिथेच, तीच खोली, आणि पेन्शनमध्ये स्वतः भर घालतेय. लायसन्स आहे, इथे कायम राहण्याची परवानगी आहे, उद्या नाही जमलं तर बँका कुठे पळून जातात? बँकेत मी स्क्रीनवर इतरांचे पैसे इकडून तिकडे जाताना बघत होते. आता निदान ते कुठे जाऊन उभे राहतात ते तरी दिसतं.

बाबा म्हणाले होते, “लोकांच्या गाड्या चालवायच्या आणि लोकांची श्रीमंती बघत बसायचं.” बघते की! बघण्यासारखीच आहे, आणि गल्लीगणिक निराळी.

तुम्हाला आवडेल ते आधी. चेल्सीत जिकडे बघावं तिकडे रेंज रोव्हर. मुलांना शाळेत सोडायला रेंज रोव्हर, कुत्र्याला फिरवायला न्यायला रेंज रोव्हर. २००८ मध्ये टाटांनी फोर्डकडून या गाड्या बनवणारी जॅग्वार लँड रोव्हर कंपनी घेतली, तेव्हा तुम्ही पेपरातलं कात्रण कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं होतंत. तेव्हा मला त्याचं काहीच वाटलं नव्हतं. आता सिग्नलला पुढे दोन आणि बाजूला एक उभी दिसली की टेल्कोचा, म्हणजे आताच्या टाटा मोटर्सचा, बिल्ला लावलेले तुम्ही डोळ्यांपुढे येता. आणि गंमत ऐका. लाखभर पौंडांच्या या गाड्यांच्या स्टिअरिंगला आडवा लोखंडी दांडा लावून कुलूप घातलेलं असतं, हुबेहूब आपल्या फियाटसारखं! चोर जोडीने येतात. एक जण घराच्या दाराशी उभा राहून आतल्या किल्लीचा सिग्नल पकडतो, दुसऱ्याकडचं यंत्र तो गाडीपर्यंत पोचवतं, आणि किल्ली जवळच आहे असं समजून गाडी उघडते. म्हणून लोक रात्री किल्ली धातूचं अस्तर असलेल्या पाकिटात ठेवतात. एवढं तंत्रज्ञान, आणि शेवटी भरवसा तुमच्या दांड्यावर.

नाइट्सब्रिज अगदी वेगळं. उन्हाळ्यात हॅरॉड्सच्या आजूबाजूला कुवेत, कतार, दुबईच्या नंबरप्लेटी, अरबी आकड्यांच्या. लॅम्बोर्गिनी, फेरारी, क्वचित बुगाटी. या गाड्या चक्क विमानाने येतात. पाहुण्यांची गाडी सहा महिन्यांपर्यंत इथे नोंदणी न करता चालवता येते, तेवढ्यात त्यांचा उन्हाळा होऊन जातो. पण चालवायची कुठे? पुढे बस, मागे बस. मग जागच्या जागी इंजिन रेस करायचं. रात्री दोनला त्या आवाजाने रहिवासी एवढे कातावले, की २०१५ मध्ये तिथल्या कौन्सिलने विनाकारण रेस करण्यावर, गाड्या पळवण्यावर दंड लावला, पुढे आवाज टिपणारे कॅमेरेही बसवले. म्हणजे गाड्यांचा रुबाब एकाचा आणि झोपमोड दुसऱ्याची. त्यातले घरमालकही काही गरीब नाहीत म्हणा, त्यामुळे मला दया कुणाचीच येत नाही.

मेफेअरमध्ये आवाज नाही. बर्कली स्क्वेअरच्या आसपास रोल्स-रॉइस, बेंटली आणि काळ्या काचांच्या मर्सिडीज व्हॅन उभ्या असतात, आणि प्रत्येकीत माझ्यासारखं कुणीतरी. पोलंडचा, घानाचा, बांगलादेशातल्या सिल्हेटचा. बाबा, रोल्सच्या चाकाकडे नीट बघितलंय कधी? गाडी कशीही थांबो, चाकाच्या मध्यावरची दोन ‘आर’ची खूण सरळच राहते. ती टोपी चाकाबरोबर फिरत नाही, बेअरिंगवर सुटी असते आणि खालच्या बाजूला जड. घानाच्या काकांनी मला बोटाने फिरवून दाखवली, सोडली की डुलत डुलत परत सरळ. दारात छत्रीचा खण असतो. रोल्स-रॉइस आता बीएमडब्ल्यूची, त्यामुळे मी चालवते ती बीएमडब्ल्यूची इलेक्ट्रिक आय-सेव्हन आणि रोल्सची फँटम एकाच घरच्या. हे मी गिऱ्हाइकांना सांगत नाही, तुम्हाला सांगते.

आणि सगळ्यात श्रीमंत रस्त्यावर गाडीच दिसत नाही! केन्सिंग्टन पॅलेस गार्डन्स. दोन्ही टोकांना फाटक, पहारा, मध्ये वकिलाती, नेपाळची पण. लक्ष्मी मित्तल यांनी २००४ मध्ये घर घेतलं ते इथेच. गाड्या फाटकातून आत जातात आणि गडप होतात. उत्तरेला हॅम्पस्टेडजवळ बिशप्स अव्हेन्यूवर तर कित्येक बंगल्यांत माणसंच नसतात, गाडी कुठली.

माझी आवडती जागा बेलग्रेव्हिया. पांढऱ्या खांबांच्या मोठ्या घरांच्या मागे दगडी फरसबंदीच्या बोळी आहेत. पूर्वी खाली घोडे आणि बग्गी, वरच्या माळ्यावर गाडीवान आणि त्याची बायकापोरं. आज तीच माळ्याची घरं विकत घ्यायला कोट्यधीश लागतो, आणि खालच्या तबेल्यात पोर्शे. गाडीवानाची लेक आता तिथे राहू शकत नाही, बाहेर गाडी लावून वाट मात्र बघू शकते. मी बघते. पुस्तक वाचते, पाय मोकळे करते. मत्सर वाटत नाही बाबा, खरंच. ज्याची गाडी तो मागे बसून फोनवर कुणावर तरी चिडलेला असतो. चालवायचं सुख मला मिळतं, विम्याचा हप्ता दुसरा भरतो.

हे सुख तुम्हीच लावलंत. रविवारी तुमच्या जुन्या बनियनच्या फडक्याने बॉनेट पुसायला मला द्यायचात, दादाला फक्त चाकं. मग मांडीवर बसवून स्टिअरिंग धरायला द्यायचात आणि मागून आई “अहो, पोरगी आहे का ड्रायव्हर!” झाले गं आई. तुझ्याच तोंडून निघालेलं. आता रडू नकोस, मस्करी केली. अजूनही गल्लीत वळताना मी तुमच्यासारखाच क्षणभर आवाज ऐकण्यासाठी काच खाली करते. इलेक्ट्रिक गाडीला आवाजच नसतो, तरी करते.

आता नीट ऐका. बाबा, दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन डॉक्टर ‘हो’ म्हणेपर्यंत रात्री गाडी काढायची नाही. लग्नाला, बारशाला, कुठेही नाही. तुमच्या चालवण्यावर माझा विश्वास आहे, समोरून येणाऱ्यांच्या हेडलाइटवर नाही. आई, किल्ली तुझ्या कपाटात ठेव, आणि ते मागतील तेव्हा “लेकीला विचारते” एवढंच म्हण. तुझ्या गुडघ्याचा पट्टा पडून असतो असं दादा म्हणाला. टोचत असेल तर मोठ्या मापाचा मागव, पैसे मी पाठवते. नाही म्हणू नका, कमी मिळतात म्हणाले, मिळत नाहीत असं नाही म्हटलं.

डिसेंबरात येते. विमानतळावर घ्यायला यायचं नाही, मी गाडी करून येईन. त्या ड्रायव्हरला आत बोलवा, बाहेर ताटकळत ठेवू नका. आणि सुमाआत्याला फोन आजच करा, मी आल्यावर ती समोरच बसलेली असणार.

तुमची,
चिमी

ता. क. डोळ्यांचे थेंब दोन प्रकारचे आहेत, एकापाठोपाठ एक घालू नका, मध्ये पाच मिनिटं जाऊ द्या. झाकणाचा रंग बघून घाला, अंदाजाने नको.