लाल काच लावली म्हणून ससा आंधळा होत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत ब्रिटनमधल्या रात्रीच्या सशांच्या शिकारीवर लेख आला होता, लेख तसा छान होता, पण त्यात मध्येच एक वाक्य होतं की दिव्याला लाल फिल्टर लावला की सशाला उजेड दिसतच नाही आणि माणूस आरामात जवळ जाऊ शकतो. तिथेच मी थांबलो. मी इंग्लंडात खेड्याकडच्या भागात राहतो, हिवाळ्यात शेजारच्या शेतकऱ्याबरोबर आणि त्याच्या कुत्रीबरोबर रात्री शेतात जाणं होतं, दिवा धरायचं काम माझ्याकडे असतं. त्यामुळे या फिल्टर प्रकरणावर चार शब्द लिहावेसे वाटले, जमलं तर छापा.

आधी थोडक्यात सांगतो, कारण वाचकांपैकी बऱ्याच जणांना हे माहीत नसणार. रात्री दिव्याच्या झोतात ससा शोधायचा आणि त्याच्यामागे कुत्रा सोडायचा, याला इथे लॅम्पिंग म्हणतात. कुत्रा लर्चर जातीचा, म्हणजे ग्रेहाउंड किंवा व्हिपेटसारख्या पळणाऱ्या कुत्र्याचा कोली नाहीतर टेरियरबरोबर झालेला संकर. हा वासापेक्षा नजरेवर शिकार करतो, आणि पुढचं सगळं या एका गोष्टीवर अवलंबून आहे. ससे इथे पिकाचे शत्रू धरले जातात, कोवळा गहू कुंपणाच्या कडेने पट्टाच्या पट्टा खाऊन टाकतात. कायदाही तसाच आहे, इंग्लंड आणि वेल्समध्ये 2004 च्या हंटिंग ॲक्टने कुत्र्यांनी शिकार करणं बंद केलं पण रानटी ससा आणि उंदीर त्यातून वगळले, अर्थात जमीनमालकाची परवानगी पाहिजेच. मोठा ससा, ज्याला इथे हेअर म्हणतात, तो वगळलेला नाही, त्याच्यामागे कुत्रं सोडलं की गुन्हा. परवानगी न घेता रात्री दुसऱ्याच्या शेतात शिरलात तर 1828 चा नाइट पोचिंग ॲक्ट, म्हणजे रात्रीच्या चोरट्या शिकारीचा कायदा, अजूनही लागू आहे. स्कॉटलंडात तर 2023 च्या कायद्याने साधा ससाही बंदीत घेतला, कारण हेअरच्या मागे जाणारे लोक पकडले गेले की आम्ही ससे धरतोय म्हणून सुटायचे. भारतात या सगळ्याला 1972 च्या वन्यजीव कायद्याने बंदी आहे, तेव्हा कोणी हे पत्र वाचून टॉर्च घेऊन निघू नये.

आता फिल्टर. सशाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या असतात, एक निळ्याच्या बाजूची आणि दुसरी हिरव्याची, 520-525 नॅनोमीटरच्या आसपासची (नॅनोमीटर हे उजेडाच्या तरंगलांबीचं माप, आकड्यावरून रंग कळतो). अंधारात काम करणाऱ्या ज्या पेशी आहेत त्या 500 च्या जवळपास. लाल उजेड म्हणजे साधारण 620-630 च्या पुढचा, तो या पेशींना फार कमी लागतो. पण कमी लागतो म्हणजे अजिबात लागत नाही असं नाही ना! झोत पुरेसा प्रखर असेल तर सशाला काहीतरी मंद उजळलेलं दिसतंच, फक्त ते पांढऱ्या झोतासारखं अंगावर येत नाही. म्हणजे फिल्टरमुळे तुम्ही अदृश्य होत नाही, तुमचा दिवा सशाच्या हिशोबाने लहान होतो एवढंच. आणि ससा काय फक्त डोळ्यांवर जगतो का, त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्याने जवळजवळ चहूबाजूचं दिसतं हे खरं, पण कान आणि नाक त्याहून तिखट. वारा तुमच्या पाठीमागून असेल तर कुठल्याही रंगाची काच लावा, तुम्ही फाटकातून आत येईपर्यंत शेत रिकामं झालेलं असतं.

आणि लेखात ज्याचा उल्लेखच नाही तो मुद्दा म्हणजे कुत्रा. बंदूकवाल्यांचं वेगळं असतं, त्यांना ससा बसलेला हवा, लाल उजेडात तो बसून राहिला की त्यांचं काम झालं, फिल्टरची सगळी जाहिरात त्यांच्याच सोयीची आहे. कुत्र्याला पळणारा ससा दिसायला पाहिजे. कुत्र्याच्या डोळ्यातही रंगाच्या पेशी दोनच प्रकारच्या, 429 आणि 555 नॅनोमीटरच्या आसपास, दुसरी पेशी लालला सशापेक्षा बरी साथ देते हे मान्य, पण कुत्र्याची रात्रीची नजर मुख्यतः अंधाराच्या पेशींवर चालते आणि त्यांना लाल उजेडाचा उपयोग नसल्यासारखाच. त्यात फिल्टरने एकूण उजेडच कापलेला. मग होतं काय, ससा उठला, वळला, दोन उड्यांत दिशा बदलली की कुत्री सरळ पुढे निघून जाते आणि मग थांबून इकडेतिकडे बघत राहते. पांढऱ्या उजेडात तिला सशाची पांढरी शेपटी उठून दिसते, लालमध्ये ती बऱ्यापैकी हरवते. यात फक्त शिकार हुकण्याचा प्रश्न नाहीये, भरधाव सुटलेल्या कुत्र्याला पुढची काटेरी तार दिसली नाही तर छाती फाटून घरी येतं. म्हणून दिवसा शेत फिरून बघणं, तारा कुठे, चर कुठे, नांगराचं फाळ कुठे पडलंय, हे मी फिल्टरच्या कितीतरी वर ठेवीन.

मग फिल्टरचा उपयोग काहीच नाही का, तर आहे, शोधण्यासाठी आहे. शेताच्या टोकाला उभं राहून लाल झोत कुंपणाच्या कडेने भरभर फिरवायचा, रेंगाळायचं नाही. डोळे चमकतात. इथे एक गोष्ट नवख्याला लवकर कळत नाही, सशाच्या डोळ्यात मांजर-कोल्ह्यासारखा उजेड परत फेकणारा आरसा नसतो, त्यामुळे त्याची चमक मंद, गुलाबी-लालसर असते, मेंढरांची मात्र हिरवट-पांढरी आणि लख्ख, आणि अख्खा कळप एकदम बघायला लागतो. पण लाल काचेतून ही ओळख पटत नाही, सगळंच लाल दिसतं! त्यामुळे शंका आली तर क्षणभर पांढरा उजेड टाकून खात्री करायची, मेंढरांच्या शेतात कुत्री सोडणं म्हणजे शेजाऱ्याशी कायमचं वैर. लालचा दुसरा फायदा आपल्या स्वतःच्या डोळ्यांना, पांढऱ्या उजेडाने डोळ्यांची अंधाराची सवय मोडली की ती पूर्ण परत यायला वीस-तीस मिनिटं लागतात, लालमध्ये ती बरीचशी टिकते, म्हणून चालताना लालच बरा.

ससा दिसला की खरी कसोटी. झोताचा मधला भाग सरळ त्याच्यावर टाकायचा नाही, कडेचा फिकट उजेड त्याच्यावर राहील इतपत ठेवायचा, म्हणजे तो कान पाडून गवतात दबून बसतो. मग दोघांनी सरळ त्याच्याकडे न जाता तो आणि त्याचं बीळ यांच्या मध्ये येईल असं वळून जायचं. कुत्री पट्ट्यात असते पण तिचा पूर्ण देह थरथरत असतो, हाताला कळतं. जवळ पोचलो की फिल्टर वर, पांढरा झोत, आणि शेजारी पट्टा सोडतो. आता झोत सशावर धरून ठेवायचा आणि तो वळेल तसा वळवायचा, अर्धा सेकंद जरी मागे पडलो तरी कुत्री आंधळी. म्हणून बिजागरीची, अंगठ्याने उघडणारी काच असलेला दिवा घ्यावा, फिरवून बसवायची काच या कामाला कुचकामी आहे, ती काढेपर्यंत ससा बिळात जाऊन झोपलेला असतो. आणि पकडून झालं की दिवा ताबडतोब बंद, कुत्री अंधारात परत येते, तिच्या तोंडावर उजेड मारला की तिला पुढची काही मिनिटं धड दिसत नाही.

दुकानातल्या फिल्टरबद्दलही लिहायला हवं. हिरवी काच "शिकारीसाठी खास" म्हणून विकतात, माणसाला हिरव्यात छान दिसतं हे खरंय, पण वर लिहिलेले आकडे बघा, सशाला सुद्धा नेमकं तिथेच सगळ्यात चांगलं दिसतं, तेव्हा सशासाठी हिरवं घेणं म्हणजे चोराच्या हाती चावी देणं. पिवळट-नारिंगी काच मधली, उजेड जास्त जाऊ देते, ससाही थोडा कमी बुजतो, फिल्टर न काढता कुत्री सोडायची असेल तर तीच त्यातल्या त्यात बरी. अजून एक, जुन्या हॅलोजनच्या दिव्यात लाल भाग भरपूर असायचा, त्यामुळे लाल काच लावली तरी उजेड उरायचा. आताचे पांढरे एलईडी म्हणजे निळी चिप आणि वर पिवळा लेप, त्यात लाल कमीच असतं, मग काच लावली की उरतं काय? लाल हवाच असेल तर लाल एलईडीचाच दिवा घ्यावा. थर्मल कॅमेरे आलेत, म्हणजे अंगाच्या उष्णतेवरून चित्र दाखवणारे, त्यात उजेड न टाकता ससे दिसतात, शोधायला उत्तमच, पण कुत्र्याला कॅमेरा देता येत नाही, त्यामुळे पळताना शेवटी पांढरा झोत लागतोच.

राहता राहिले ते दिव्याला सरावलेले ससे. एकाच शेतात आठवड्याला दोनदा गेलं आणि अर्धे ससे निसटू दिले, की उरलेले उजेड दिसताच पळतात, मग लोक रंग बदलून बघतात. थोडे दिवस फरक पडतो, माझ्या मते तो रंगापेक्षा उजेड कमी झाल्याचा फरक असतो, मग तेही शिकतात. त्यापेक्षा ते शेत महिनाभर सोडून द्यावं, काळोखी, वाऱ्याची, किंचित भुरभुर पावसाची रात्र बघून जावं. निवांत चांदण्या रात्री मी तर दिवा घेऊन घराबाहेरच पडत नाही.

तरी संपादक साहेब, लाल फिल्टरबद्दलचं ते वाक्य पुढच्या पुरवणीत दुरुस्त करावं ही विनंती. आणि लेखासोबतच्या फोटोत दिव्याला जी काच दाखवली होती ती हिरवी होती, तेही जाता जाता बघा.

आपला,
एक वाचक, इंग्लंड