शाळेची जागा घरांसाठी देण्याआधी मुलांचा हिशेब मांडा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बंद पडलेल्या शाळेच्या जागेवर निवासी संकुल उभारण्याचा प्रस्ताव आला की त्यात एक वाक्य हमखास असते: 'पटसंख्येअभावी शाळा बंद, जागा विनावापर पडून.' घरांची गरज खरी आहे आणि अशा जागेवर एकही घर होऊ नये, असे आमचे म्हणणे नाही. पण या एका वाक्यावर शाळेचे आरक्षण, म्हणजे शहराच्या विकास योजनेत ती जागा शाळेसाठी राखून ठेवल्याची नोंद, उठवले जाते आणि ते कोणी तपासत नाही, याची आम्हाला काळजी वाटते.

पट घटला म्हणजे परिसरातली मुले घटली असे होत नाही. छप्पर गळते, स्वच्छतागृहाला पाणी नाही, शिक्षकांची पदे रिकामी आहेत, अशा शाळेतून पालक मुलांना काढतात आणि दूरच्या शाळेत घालतात. मुले त्याच वस्तीत असतात. म्हणून प्रस्तावासोबत गेल्या दहा वर्षांचा इयत्तावार पट आणि त्याच प्रभागातील 6 ते 14 वयोगटातील मुलांची संख्या शेजारी शेजारी मांडलेली हवी. शाळा खरोखर बंद झाली, की ती दुसऱ्या शाळेत विलीन केली गेली, तो आदेश कोणाचा व कोणत्या तारखेचा, आणि यूडायसवर (शाळांच्या माहितीच्या सरकारी संगणकीय प्रणालीवर) नोंद काय आहे, हेही पाहावे. इमारत धोकादायक ठरली असेल तर ते शाळा नव्याने बांधण्याचे कारण आहे. जमिनीचा वापर बदलण्याचे नव्हे.

दुसरा हिशेब येणाऱ्या मुलांचा. संकुलात 300 सदनिका आहेत आणि दर दोन घरांमागे शाळेत जाणारे एक मूल आहे असे धरले, तरी 150 मुले झाली. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत प्राथमिक वर्गांसाठी 30 मुलांमागे एक शिक्षक असे प्रमाण आहे. एका शिक्षकामागे एक खोली धरली तर सुमारे पाच वर्गखोल्यांची गरज हा प्रकल्प स्वतःच निर्माण करतो आणि ती भागवणारी जागा स्वतःच संपवतो. याच कायद्याखालच्या राज्याच्या 2011 च्या नियमांप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा 1 किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची 3 किलोमीटरच्या आत अपेक्षित आहे. हे अंतर मुलाच्या पायी वाटेने मोजावे. नकाशावर पट्टी ठेवून काढलेल्या 800 मीटरमध्ये रेल्वेमार्ग किंवा महामार्ग आडवा असेल तर त्या आकड्याला अर्थ नाही.

मग जमिनीची कागदपत्रे. जागा पालिकेची, संस्थेची की शासनाने शाळेसाठी दिलेली, यावर पुढचे सगळे ठरते. मिळकत पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डवर) किंवा सातबारावर भोगवटादार वर्ग-2, म्हणजे शासनाने अटी घालून दिलेली जमीन, अशी नोंद असेल, तर मूळ आदेशातल्या अटी वाचल्याशिवाय आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय पुढे जाता येत नाही. सार्वजनिक न्यासाची (ट्रस्टची) जागा विकायची तर सार्वजनिक न्यासांसाठीच्या राज्याच्या 1950 च्या अधिनियमाच्या कलम 36 नुसार धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. नुसता विश्वस्तांचा ठराव पुरत नाही.

आरक्षण बदलण्यासाठी बहुतेक वेळा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 मधील कलम 37 वापरले जाते. ते किरकोळ फेरबदलांसाठी आहे, विकास योजनेचे मूळ स्वरूप बदलण्यासाठी नाही. प्रभागातली एकमेव शालेय जागा जात असेल तर हा फेरबदल किरकोळ कसा, याचे उत्तर पालिकेने लेखी द्यायला हवे. मोकळ्या जागेचे आरक्षण खासगी वापराकडे वळवण्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने बेंगळुरूच्या प्रकरणात 1991 मध्येच कठोर भूमिका घेतली होती. तिथे उद्यानाची जागा खासगी रुग्णालयाला दिली गेली होती आणि ते वाटप टिकले नाही.

पाणी आणि सांडपाण्याचा हिशेब तर बहुतेक प्रस्तावांत 'संबंधित विभागाचा ना हरकत दाखला घेण्यात येईल' एवढ्यावर उरकलेला असतो. माणशी 135 लिटर या प्रचलित मानकाने 300 घरे आणि घरटी पाच माणसे धरली, तर रोज 2,02,500 लिटर पाणी लागेल. 500 मुलांच्या दिवसाच्या शाळेला माणशी 45 लिटरने 22,500 लिटर लागते. म्हणजे मागणी नऊपट. शिवाय शाळेची मागणी दुपारपर्यंत पसरलेली असते, घरांची सकाळच्या दोन तासांत एकवटते. शाळेसाठी टाकलेली जुनी मलवाहिनी त्याच वेळी तुंबते आणि सांडपाणी आधी खालच्या अंगाच्या जुन्या घरांत शिरते. म्हणून दाखल्यात जलवाहिनीचा व मलवाहिनीचा व्यास, पाण्याचा दाब आणि पुरवठ्याची वेळ लिहिलेली असावी.

पावसाचेही तसेच. एक हेक्टर मैदानावर तासाभरात 50 मिलिमीटर पाऊस पडला तर 500 घनमीटर पाणी होते. मोकळ्या जमिनीवरून त्यातले साधारण 30 टक्के वाहून जाते, छत आणि काँक्रीटवरून 90 टक्के. जमिनीचा 80 टक्के भाग झाकला तर वाहणारे पाणी 150 वरून 390 घनमीटरवर जाते. ऑगस्टमध्ये भिजून फुगलेली काळी माती कमी पाणी शोषते, त्यामुळे हा फरक तेव्हा घटेल, पण नाहीसा होणार नाही. पोडियमवरची, म्हणजे वाहनतळाच्या छतावरची, हिरवळ हिशेबात धरू नये, तिच्याखाली पाणी मुरायला जमीनच नसते.

मधला मार्ग आहे. केंद्राच्या नगर नियोजनाच्या 2014 च्या मार्गदर्शक तत्त्वांत 5,000 लोकसंख्येमागे 0.4 हेक्टरची एक प्राथमिक शाळा सुचवली आहे. जागा मोठी असेल तर एवढा सलग, जमिनीवरचा आणि स्वतंत्र रस्त्याचा तुकडा शाळा व मैदानासाठी मोजून पालिकेच्या नावे ठेवावा आणि उरलेल्यावर घरे बांधावीत. 'सामायिक मैदान' मात्र मान्य करू नये. रहिवाशांची गृहनिर्माण संस्था स्थापन झाली की फाटकाला कुलूप लागते आणि मैदानाची कड वाहनतळाच्या उतारात जाते. राज्याच्या बांधकाम नियमावलीप्रमाणे 0.4 हेक्टर व त्याहून मोठ्या भूखंडात सोडावी लागणारी 10 टक्के मोकळी जागा रहिवाशांसाठी असते. ती शाळेचे मैदान म्हणून दाखवणे ही दिशाभूल आहे.

ज्यांच्या परिसरात असा प्रस्ताव आला असेल त्यांनी आरक्षण बदलाच्या राजपत्रातील सूचनेची तारीख आधी पाहावी. हरकतीसाठी त्या तारखेपासून एक महिना मिळतो. विकास योजनेचा भाग नकाशा, मिळकत पत्रिका, मोजणी नकाशा आणि शाळा बंद करण्याचा आदेश लगेच मागवावा. माहिती अधिकारात उत्तराला 30 दिवस लागू शकतात, तेव्हा तेवढ्यावर विसंबू नये, कार्यालयात जाऊन नस्ती (फाईल) पाहण्याचीही मागणी करावी. एकाच मजकुराच्या शेकडो प्रती देण्यापेक्षा पट, अंतर, पाणी यांचे आकडे असलेल्या पाच-सात वेगळ्या हरकती अधिक उपयोगी, कारण सुनावणीत प्रत्येक मुद्द्याला वेगळे उत्तर द्यावे लागते. आवक क्रमांकाचा शिक्का घ्यावा आणि समक्ष सुनावणी हवी असे अर्जातच लिहावे.

पर्यायी जागेवर शाळा देऊ असे आश्वासन असेल, तर ती जागा आज कोणाच्या ताब्यात आहे ते विचारावे. आणि नवी शाळा पूर्ण होऊन पालिकेच्या ताब्यात येईपर्यंत निवासी इमारतींना भोगवटा प्रमाणपत्र (राहायला जाण्याची परवानगी) मिळणार नाही, ही अट सर्वसाधारण सभेच्या ठरावात नव्हे, तर शासनाच्या मंजुरीच्या अधिसूचनेतच घालून घ्यावी.

कळावे.
– नगररचना विषयाचे काही अभ्यासक