बाबा, ते पॉइंटवालं कार्ड राहू द्या

ती. बाबा अन् आईले सा. न.

बाबा, तुम्ही फोनवर म्हणाले का बँकेतला पोरगा ट्रॅव्हल कार्ड, म्हणजे खर्चावर पॉइंट देणारं क्रेडिट कार्ड, घ्या म्हणून लय मागं लागला, एअरपोर्टचं लाऊंज फुकट हाय म्हणे. आता आपण बडनेऱ्याहून रेल्वेत बसणारी माणसं, लाऊंज घेऊन काय करायचं बाप्पा! कार्ड घ्याचंच असन तर साधं कॅशबॅकवालं घ्या, खरेदीवर टक्काभर जे काही भेटते ते सरळ रुपयात भेटते, डोक्याले ताप नाई.

पॉइंटचा आकडा दिसाले मोठा दिसते, पण बऱ्याच कार्डात एक पॉइंट म्हणजे 25 पैसे, म्हणजे 500 पॉइंटचे झाले 125 रुपये, अन् ते वापराले गेलं का काही बँका 99 रुपये वरून जीएसटी कापते. मुदत संपली का तेही गेले. अन् कॅशबॅकवालंही बिनफीचंच मागा, काहून का वर्षाची 1000 फी म्हणजे जीएसटी धरून 1180, टक्काभरानं तेवढे काढाले वर्षाचा 1 लाख 18 हजार खर्च कार्डावर पायजे, आपला किराणा अन् औषधं मिळून कुठं तेवढा होते.

हां, आयआरसीटीसीच्या (रेल्वे तिकिटाच्या साइटच्या) एसबीआय कार्डावर एसीच्या तिकिटाले 10 टक्क्यापर्यंत पॉइंट भेटते अन् तिथं 1 पॉइंट म्हणजे 1 रुपया, हे खरं हाय. आईचे गुडघे पाहता जगन्नाथ पुरीच्या यात्रेले थर्ड एसीनंच जा, पण जाऊन-येऊन समजा 8 हजार झाले तर फार तर 800 सुटन, तेही पुढच्या रेल्वे तिकिटातच. स्लीपरले हे लागू नाई. दरवर्षी दोन-तीनदा लांब जाणाऱ्याले ते परवडते. अन् एसटीत तर तुम्हाले 65 च्या वरचं अन् आईले बाईमाणसाचं अर्धं तिकीट आधीच हाय, त्याले कोणतंच कार्ड लागत नाई.

मले भेव वेगळंच हाय. हाती कार्ड आलं का तुम्ही जूनमधे कृषी केंद्रात खत-बियाणं त्याच्यावर घ्यान. बिनव्याजी मुदत असते फार तर 45-50 दिवसाची अन् आपला कापूस घरी येते दिवाळीच्या आगंमागं. 20 हजाराचं बिल थकलं तर महिन्याले साडेतीन टक्क्यानं 700 रुपये व्याज, अन् कॅशबॅक भेटला किती, तर 200! त्यापेक्षा पीककर्ज बरं, वेळेवर भरलं तर 3 लाखापर्यंत बिनव्याजी पडते. अन् एटीएममधून त्या कार्डानं पैसे तर काढूच नका, व्याज त्याच दिवसापासून लागते.

त्या पोराचा परत फोन आला तर माझा नंबर द्या, ओटीपी नका देऊ. अन् पुरीची तारीख आईले विचारून लवकर कळवा, रेल्वेचं बुकिंग आता 60 दिवस आधीच उघडते अन् खालचे बर्थ पटकन जाते.

तुमचा,
बाळू