रविवारी हाय टेन्शनचे टॉवर उभारायचे आहेत

सभासदहो, नमस्कार.

येत्या रविवारी सकाळी १० वाजता नौपाड्यातल्या नेहमीच्या खोलीवर जमायचे आहे. आपल्या १:८७ मापाच्या मॉडेल रेल्वेतले खाडीकाठचे टॉवर अजून बाकी आहेत. ३५ मीटरचा टॉवर या मापात साधारण ४० सेंटिमीटर भरतो. डब्यांशेजारी तो फार उंच वाटेल, पण कृपया छाटू नका. ऐरोलीकडे जाताना तो तसाच दिसतो. (फोटो रस्त्यावरूनच काढा, टॉवरजवळ जाऊ नका.)

पितळी तार, सोल्डरिंग आयर्न आणि इन्सुलेटरच्या चकत्यांसाठी बारीक काचेचे मणी आणावेत. डबल सर्किटच्या (दोन स्वतंत्र वीजवाहिन्या वाहणाऱ्या) टॉवरला दोन्ही बाजूंना तीन-तीन हात आणि शेंड्यावर अर्थ वायर (आकाशातल्या विजेपासून बचाव करणारी तार) हवी. तारांना थोडा झोळ द्याच. ताणलेली तार लगेच खोटी वाटते.

ज्यांच्या माळ्यावर चावीच्या, पत्र्याच्या जुन्या गाड्या असतील त्यांनी त्या नक्की आणाव्यात. फ्रँक हॉर्नबी या ब्रिटिश खेळणी-उत्पादकाने अशा गाड्या १९२० मध्ये सुरू केल्या. चावी भरतानाचा तो कर्रर्र आवाज आपल्या नव्या मुलांनी ऐकायलाच हवा! त्या गाड्यांच्या ओ गेज मापात दोन रुळांमधले अंतर ३२ मिमी, आपल्याकडे १६.५ मिमी, म्हणून त्यांच्यासाठी जमिनीवर वेगळा गोल मांडू. आणण्याआधी गंज घासू नका, मूळ रंग निघून जातो.

येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत कळवावे.