बालसंरक्षणात पुढची पायरी कुठे आहे?

प्रति,
मा. मंत्री, महिला व बालविकास,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदया,

एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीच्या) शेवटच्या वर्षाची मुलं मला विचारतात, "मॅडम, बालसंरक्षणात यावं का?" या, असंच मी सांगते. "आणि पुढे?" याचं उत्तर मात्र आपल्या खात्याकडे आहे, म्हणून हे पत्र.

संकटातल्या मुलांचं काम जिल्ह्यात पाहणाऱ्या जिल्हा बाल संरक्षण कक्षातली बहुतेक माणसं मानधनावर आहेत. २००९ साली एकात्मिक बाल संरक्षण योजना आली, पुढे तिचं मिशन वात्सल्य झालं. नाव बदललं, कंत्राट राहिलं. वर्षानुवर्षं तेच टेबल, तेच पदनाम, आणि मुदत संपत आली की कार्यालयात एकच विषय: "नूतनीकरणाची ऑर्डर आली का?"

याची झळ मुलाला बसते. स्टेशनवर सापडलेलं मूल, प्रवासाचा वेळ सोडून, २४ तासांत बालकल्याण समितीपुढे, म्हणजे अशा मुलांबाबत निर्णय घेणाऱ्या जिल्ह्याच्या समितीपुढे, हजर करावं लागतं. पहिल्या दिवशी ते नाव खोटं सांगतं, गाव सांगतच नाही. समुपदेशक त्याच्याशी कॅरम खेळत बसते, तेव्हा कधीतरी "आमच्याकडे कारखान्याचा भोंगा वाजतो" एवढं निघतं. त्यावरून घर शोधायचं. घर सापडलं की खरी परीक्षा. बाप म्हणतो, "मामाकडे जातो म्हणाला होता"; शेजारीण दारापर्यंत येते आणि काही न बोलता उभी राहते. तिच्या त्या न बोलण्याचं सामाजिक तपास अहवालात काय करायचं, हे दोन दिवसांच्या प्रशिक्षणात येत नाही (तिथे पीपीटी छान असतात). मुरलेल्या माणसाबरोबर गृहभेटी करूनच ते अंगात येतं. तीच माणसं घर चालेना म्हणून दुसरी नोकरी धरतात. नव्या माणसाच्या हाती फाइल येते, आणि मुलाला सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं.

हे महाराष्ट्रात घडतंय. समाजकार्याचं व्यावसायिक शिक्षण देणारी देशातली पहिली संस्था, आजची टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस, १९३६ साली मुंबईत टाटांच्या ट्रस्टने काढली. मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइनसुद्धा १९९६ मध्ये त्याच संस्थेतून उभी राहिली.

योजना केंद्राची, निधी केंद्र आणि राज्य यांचा ६०:४०, मग कायम पदं आणायची कुठून, हे खात्याचं म्हणणं मला ठाऊक आहे. पण करार तीन वर्षांचा करायला काय हरकत आहे? बालकल्याण समितीची मुदत तेवढीच असते. क्षेत्रीय कार्यकर्त्याला संरक्षण अधिकारी होता यावं, आणि जिल्हा बाल संरक्षण अधिकारी किंवा बालगृहाचा अधीक्षक निवडताना कक्षातल्या अनुभवाला ठरलेले गुण मिळावेत. दत्तकाचे आदेश २०२२ पासून जिल्हाधिकारी देतात. त्यांच्यापर्यंत जाणारी कागदपत्रं तपासण्यात हाच कक्ष असतो, हेही लक्षात घ्यावं.

पुढच्या नूतनीकरणाचा आदेश निघण्याआधी कक्षातल्या लोकांना एकदा बैठकीला बोलवा. सचिव असतीलच, क्षेत्रीय कार्यकर्तेही असू द्या.

आपली,
बालसंरक्षणात काम करणारी एक समाजकार्यकर्ती